पोर्ट ऑफ स्पेन: कार्निव्हल गाठावा की त्याच्या आधी जावं?

निशिगंधा_जर्सी

मंडळी, सल्ला हवाय.

२०२७ च्या सुरुवातीला आठवडाभर त्रिनिदादला जायचं घाटतंय. आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि सांगलीहून आलेले बाबा. माझं मत बार्बाडोसला होतं, पण बाबांनी पोर्ट ऑफ स्पेनचं नाव काढलं आणि चर्चाच संपली. १९७१ च्या भारताच्या वेस्ट इंडीज क्रिकेट दौऱ्याचे स्कोअर त्यांना अजून तोंडपाठ आहेत, घरच्यांचे वाढदिवस नाहीत.

कार्निव्हल ८ आणि ९ फेब्रुवारीला आहे. तेव्हाच जावं का? बाबा सत्तरी ओलांडलेले, गर्दी झेपेल का शंका आहे. पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. लेकीला समुद्र हवा. नवऱ्याला फक्त झोप हवी. आणि तिथल्या गुन्हेगारीच्या बातम्या येतात त्याचं काय?

नेटवर शोधलं की नुसते बीच येतात. शहराबद्दल कोणी धड लिहीत नाही.

रानफूल

निशिगंधा, मी तिथे काही वर्षं राहिलेय. नवऱ्याची नोकरी पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटवर होती. तेव्हा जरा हक्काने लिहिते, लांबलं तर सांभाळून घे.

आधी एक डोक्यातून काढून टाक. त्रिनिदाद हे पर्यटकांवर जगणारं बेट नाही. ते तेलावर आणि गॅसवर जगतं. त्यामुळे पोर्ट ऑफ स्पेन तुमच्यासाठी नटूनथटून बसलेलं नाही, आपल्या कामात आहे. मनगटाला पट्टा बांधला की आठवडाभर खाणंपिणं त्यातच, असला प्रकार शहरात मिळायचा नाही. ज्याला निळं पाणी आणि आरामखुर्ची हवी त्याने टोबॅगो गाठावं. पोर्ट ऑफ स्पेनला जायचं ते तिथल्या संध्याकाळींसाठी.

म्हणूनच माझं स्पष्ट मत: कार्निव्हलचे दोन दिवस सोड, त्याआधीचे तीन-चार आठवडे धर. कार्निव्हलच्या आठवड्यात हॉटेलं दाम दुप्पट-तिप्पट करतात, वर अमुक रात्री राहायलाच हव्यात अशी अट. रस्ते बंद, टॅक्सी मिळत नाही, आणि बाबांना उन्हात तासन् तास उभं राहावं लागेल. जानेवारीत मात्र सगळं शहर तयारीला लागलेलं असतं आणि ती तयारी उघड्यावर चालते.

तयारी म्हणजे मुख्यतः पॅनयार्ड. स्टीलपॅन हे वाद्य याच शहरातलं. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात ढोलांवर बंदी आणली, मग गोरगरीब वस्त्यांतली पोरं बांबू जमिनीवर आपटून ताल धरू लागली, पुढे बिस्किटांचे डबे, कचऱ्याचे पत्रे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास तेलाची पिंपं. पिंपाचं तोंड घणाने आत ठोकत जायचं आणि त्यात एकेक सूर बसवायचा. प्रत्येक बँडचं स्वतःचं आवार असतं, तेच पॅनयार्ड. ड्यूक स्ट्रीटवर ऑल स्टार्स, शार्लट स्ट्रीटवर रेनेगेड्स, वुडब्रुकमध्ये फेज टू. पॅनोरामा ही त्यांची मोठी स्पर्धा, १९६३ पासूनची, अंतिम फेरी कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी. मोठ्या बँडमध्ये शंभराच्या वर वाजवणारे, आणि आठेक मिनिटांच्या एका रचनेसाठी आठवडेच्या आठवडे रोज रात्री तालीम.

तुम्ही नुसतं आत जाऊन उभं राहायचं. बहुतेक ठिकाणी तिकीट नाही, कोपऱ्यात कोणीतरी बिअर आणि कॉर्न सूप विकत असतं. समोर लोखंडी चाकांच्या मांडवांवर ओळीने पॅन. मधोमध 'इंजिन रूम', म्हणजे ठेका धरणारे. त्यांच्यात मोटारीचे जुने ब्रेक ड्रम लोखंडी सळीने बडवणारा असतोच, आणि सगळा बँड त्याच्याकडे कान लावून असतो. बास वाजवणारा सहा नाहीतर नऊ अख्ख्या पिंपांच्या मधे उभा राहतो आणि कंबरेतून वळत वळत मागची पिंपं वाजवतो. बहुतेकांपुढे नोटेशनचा कागद नसतो. संगीत बसवणारा चार सुरांचा तुकडा वाजवून दाखवतो, टेनरवाले (मुख्य चाल वाजवणारे) उचलतात, मग तोच तुकडा वीस वेळा. शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलगी आणि बँकेतून सुटलेला बाप्या शेजारी शेजारी. तुझ्या लेकीला हे समुद्रापेक्षा आवडेल, लिहून ठेव.

खाणं, बाबा, सुरक्षितता याबद्दल उद्या लिहिते. आता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्यात.

अवली_टोरांटो

रानफूल यांच्याशी सपशेल असहमत. इतक्या लांब जाऊन कार्निव्हल चुकवायचा? मी दोनदा मास खेळलोय. 'खेळलोय' असंच म्हणतात तिथे, पिसं-मणी लावून बँडबरोबर दोन दिवस रस्त्यावर नाचणं. सोमवारी पहाटे चारच्या सुमाराला जुव्हे सुरू होतं, अंगाला चिखल, रंग, तेल, काहीजण चॉकलेटही फासून घेतात. उजाडेपर्यंत कोण कोणाचा साहेब ते ओळखू येत नाही. मंगळवारी पूर्ण पोशाख. सवाना या शहरातल्या मोठ्या मैदानावरच्या स्टेजवर बँड चढतो तो क्षण पॅनयार्डात उभं राहून मिळत नाही हो.

रानफूल

अवली, तुम्ही तिशीतले, सडाफटिंग आणि नाचणारे. इथे सत्तरीचे बाबा आणि आठवीतली पोर आहे. मासचा पोशाख शेकडो अमेरिकन डॉलरचा असतो आणि महिने आधी नोंदवावा लागतो हेही सांगा की.

बाकी तुमचा जुव्हेचा मुद्दा मान्य. ती पहाट वेगळीच.

अवली_टोरांटो

पोशाखाचं मान्य. सडाफटिंगचं नाही, गेल्या वर्षी लग्न झालं. :)

एक मधला मार्ग सुचवतो. लहान मुलांचा कार्निव्हल मुख्य कार्निव्हलच्या आधीच्या शनिवारी असतो. आणि पॅनोरामाची उपांत्य फेरी सवानावर त्याच्याही आधी होते. त्या सुमाराला गेलात तर पोशाख, गाणी, पॅन सगळ्याची झलक मिळते, आणि हॉटेलचे भाव अजून शुद्धीवर असतात.

खादाडभाऊ

मुख्य मुद्द्यावर या. खायला काय?

रानफूल

येतेय येतेय.

निशिगंधा, शाकाहारी माणसाला सबंध कॅरिबियनमध्ये याहून सोपं शहर नसेल. ३० मे १८४५ ला फतेल रझाक नावाचं जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन इथे लागलं. १९१७ पर्यंत उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया येत राहिले, एकूण एक लाख चाळीस हजारांच्या वर. बहुतेक भोजपुरी मुलखातले, काही मद्रासकडचे. आज देशातला साधारण एक तृतीयांशाहून जास्त समाज त्यांचा वंशज आहे. त्यांनी आणलेलं खाणं आता सगळ्यांचं झालंय.

सकाळी डबल्स. हळदीच्या पिठाचे दोन मऊसूत, तळलेले 'बारा', त्यावर रसदार चणे, वर काकडी, चिंचेचं पाणी, कुचेला म्हणजे आंब्याच्या किसाचं मसालेदार लोणचं, आणि मिरचीची चटणी. हातगाडीवाला चमच्यापेक्षा मनगटाने काम करतो. कागदावर बारा टाकला, चणे टाकले, कागदाची टोकं पिळून पुडी फिरवली, हातात. दहा सेकंदांचा खेळ. तिखट किती ते आधी सांगायचं. 'स्लाइट' म्हणजे चिमूटभर. कोल्हापूर-सांगलीच्या ऐटीत बाबांना 'जास्ती' म्हणू देऊ नकोस. तिथली मिरची स्कॉच बॉनेटच्या कुळातली, आपल्या लवंगीचा तिच्यापुढे निभाव लागत नाही. खाणं उभ्याने, हाताने, आणि सकाळी लवकर. दहानंतर चांगल्या गाड्यांवरचा माल संपतो.

दुपारी रोटी. ढालपुरी म्हणजे आत भरडलेल्या डाळीचं सारण असलेली मोठी पातळ पोळी, तिच्यात चणा-आलू, भोपळा, बोडी (चवळीच्या शेंगा) गुंडाळून देतात. 'बस अप शट' हा चुरगळून मोकळा केलेला पराठा. नाश्त्याला सादा रोटी आणि वांग्याचा किंवा टोमॅटोचा चोका. वांगं निखाऱ्यावर भाजून, लसूण घालून, वर गरम तेल. बाबा सांगलीला फोन करून सांगतील.

सांभाळायचं कुठे: कॅलालू. अळूची पानं, भेंडी, नारळाचं दूध, दिसायला थेट आपलं फदफदं, पण त्यात खेकडा किंवा खारवलेलं डुकराचं मांस असू शकतं. कॉर्न सूपमध्येही तेच. प्रत्येक वेळी विचारायचं. पेलाव म्हणजे बहुतेक वेळा चिकन घातलेला भात. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं.

खादाडभाऊ

कुचेल्याची पाकृ येऊ द्या वेगळ्या धाग्यात. आणि कोणी अननसाचा चाऊ लिहिला नाही? मीठ, मिरी, लसूण, मिरची आणि चॅडन बेनी (कोथिंबिरीच्या वासाची लांब कातरी पानं) लावून कापलेलं फळ. मारकासच्या समुद्रकिनाऱ्याच्या वाटेवर डोंगरात ठेले आहेत. आंब्याचाही करतात. गाडी थांबवायचीच.

मास्तर_निवृत्त

निशिगंधाताई, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्हीही त्यातलेच.

क्वीन्स पार्क ओव्हल हे मैदान ट्रॅगरेट रोडवर, शहराच्या आतच आहे. मागे नॉर्दर्न रेंजचे हिरवे डोंगर. १९७१ च्या मार्चमध्ये दुसरी कसोटी इथे झाली. बोटाच्या दुखण्यामुळे गावसकर जमैकाची पहिली कसोटी खेळले नव्हते, पदार्पण इथेच. ६५ आणि नाबाद ६७. दिलीप सरदेसाईंच्या ११२. त्रिनिदादच्याच जॅक नोरेगाने ९५ धावांत ९ बळी घेतले आणि तरी त्याचा संघ हरला! दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी लॉइड आणि सोबर्स दोघांना काढलं, सोबर्स तर शून्यावर त्रिफळाचीत. वेंकटराघवनचे ५ बळी. आपण ७ गड्यांनी जिंकलो. वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला पहिला कसोटी विजय, कर्णधार अजित वाडेकर. एप्रिलमध्ये शेवटची कसोटी पुन्हा इथेच. दाढ दुखत असताना गावसकरांच्या १२४ आणि २२०. चार कसोटींत ७७४ धावा.

मग १९७६. तिसरी कसोटी खरं तर गयानात व्हायची, तिथल्या पावसामुळे इथे आणली. विजयाला ४०३ हव्या होत्या, आपण ४ बाद ४०६ केल्या. गावसकर १०२, विश्वनाथ ११२, मोहिंदर ८५. चौथ्या डावात पाठलाग करून जिंकण्याचा तो विक्रम २००३ पर्यंत टिकला. त्या सामन्यात त्यांच्या कर्णधार लॉइडने तीन फिरकी गोलंदाज खेळवले होते. त्यानंतर त्याने फिरकीवरचा भरवसा सोडला आणि चार वेगवान गोलंदाजांचा तोफखाना उभा केला. म्हणजे पुढची पंधरा वर्षं सगळ्या जगाने जो मार खाल्ला त्याचं मूळ आपल्या त्या विजयात आहे, असं मी वर्गात सांगायचो. भूगोलाच्या तासाला.

या एका मैदानावर गावसकरांची चार शतकं. रिलेटर नावाच्या तिथल्या कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणंही रचलं.

गोंयकार_दोतोर

मास्तर, सरदेसाई आमचे मडगावचे हे लिहायचं राहिलं. त्या मालिकेत ६४२ धावा. सगळे गावसकर गावसकर करतात, पण आधी पडझड सावरली ती त्यांनी.

मास्तर_निवृत्त

दोतोर, बिनशर्त मान्य.

निशिगंधा_जर्सी

बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. नोरेगाचे ९ बळी त्यांनी मी पुढे वाचायच्या आत सांगितले. मैदान आतून बघायला मिळतं का?

रानफूल

मैदान क्वीन्स पार्क क्रिकेट क्लबच्या मालकीचं आहे. आधी क्लबला फोन करून विचार, सामना किंवा कार्यक्रम नसेल तर बघ काय म्हणतात ते. वय आणि १९७१ ही दोन्ही कारणं सांग. आणि ओव्हलसमोरच इन्व्हेडर्स या फार जुन्या पॅन बँडचं जुनं आवार, म्हणजे वाद्याचा इतिहास आणि बाबांचा इतिहास एकाच रस्त्यावर.

तिथून पश्चिमेला गेलं की सेंट जेम्स. तिथल्या गल्ल्यांची नावं बघायला तरी जाच: बॉम्बे स्ट्रीट, कलकत्ता स्ट्रीट, दिल्ली, मद्रास, लखनौ, पाटणा. नेपॉल स्ट्रीटवर लेखक व्ही. एस. नायपॉल यांच्या वडिलांचं घर आहे, छोटंसं दुमजली. वेस्टर्न मेन रोडवर रात्री उशिरापर्यंत खाण्याच्या गाड्या असतात. मोहरमला इथेच होसे, म्हणजे ताजियांची मिरवणूक, निघतो.

ढोलकरी_नारायणपेठ

होसे! तिथला ताशा ऐकलाय का कोणी प्रत्यक्ष? आमच्या पथकात यूट्यूबवर बघून सगळे वेडे झालेत.

रानफूल

ऐकलाय आणि पायातून गेलाय. गळ्यात पट्ट्याने अडकवलेला वाडग्यासारखा ताशा, दोन लवचिक काठ्या. एकजण 'कटर', तो तोडे घेतो, बाकीचे ठेका भरतात. बरोबर दोन तोंडांचा मोठा ढोल, त्याला 'बास' म्हणतात, आणि पितळी झांजा. मातीच्या ताशावर बकऱ्याचं कातडं असतं, ते दमट हवेत सैल पडतं. मग रस्त्याच्या कडेला लाकडं पेटवतात आणि वाजवणारे मधूनमधून बाजूला होऊन ताशा जाळावर धरतात, टिचकी मारून बघतात, पुन्हा मिरवणुकीत. सेंट जेम्सला अशा आगी ओळीने दिसतात.

होसेत ताजियांबरोबर दोन मोठे अर्धचंद्र निघतात, एक लाल, एक हिरवा. भलं मोठं वजन, माणसं आळीपाळीने खांद्यावर घेऊन नाचवतात. ताजिये बांबू-कागदाचे, महिनोन् महिने बंद दाराआड तयार होतात आणि शेवटी समुद्रात विसर्जन. बघायला हिंदू, ख्रिश्चन, सगळे.

पण मोहरम चांद्र पंचांगाने सरकत जातो, निशिगंधाच्या तारखांत यायचा नाही. ताशा मात्र लग्नांत कधीही ऐकू येतो. शनिवार-रविवारी मध्य त्रिनिदादमध्ये गाडीची काच खाली ठेवली की झालं.

शंकासुर

सगळं गोड गोड चाललंय. २०२४ मध्ये त्या चौदा-पंधरा लाखांच्या देशात सहाशेच्या वर खून झाले आणि वर्ष संपता संपता, ३० डिसेंबरला, सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलीला घेऊन तिथे सुट्टी? धाग्यात यावर कोणीच बोलेना म्हणून विचारलं.

रानफूल

शंकासुर, विचारलंत ते बरं केलं. आकडे खरे आहेत. २०२५ च्या जुलैत पुन्हा आणीबाणी लागली होती. निघण्याआधी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची ताजी सूचना वाचायचीच, आणि तेव्हा परिस्थिती वाईट असेल तर बेत रद्द करायचा.

यातला बराचसा हिंसाचार टोळ्यांचा, आणि ठराविक वस्त्यांत. शहराच्या पूर्वेकडचा भाग, लॅव्हेंटिल, सी लॉट्स इथे भटकायला जायचं नाही. तिथली माणसं वाईट म्हणून नाही. पॅन जन्मला तोच भाग आहे, पण वाट चुकलेल्या पाहुण्याची तिथे कोणाला खबर नसते. मध्यवर्ती बाजारपेठ, फ्रेडरिक स्ट्रीट, इंडिपेंडन्स स्क्वेअर, हे दिवसा. ऑफिसं सुटली की तो भाग ओस पडतो, तेव्हा तिथे पायी नको. फोर्ट जॉर्ज आणि लेडी चान्सलर रोडवरून शहर आणि आखात फार सुंदर दिसतं, पण तिथेही लुटीचे प्रकार झालेत. ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर, दिवसाउजेडी. पॅनयार्डला जाताना-येताना टॅक्सी हॉटेलमार्फतच ठरवायची आणि तीच परतीला थांबवून ठेवायची. ड्यूक स्ट्रीट, शार्लट स्ट्रीटला तर नक्कीच. सोन्याच्या बांगड्या जर्सीला ठेवून जा.

मुक्काम सेंट क्लेअर, वुडब्रुक किंवा सवानाच्या कडेला बघ. हिल्टन डोंगराच्या उतारावर आहे, लॉबी सगळ्यात वर आणि खोल्यांचे मजले खाली खाली उतरत जातात. लिफ्टमध्ये तुझ्या नवऱ्याची झोप उडेल.

अवली_टोरांटो

टॅक्सीबद्दल भर घालतो. भाड्याच्या गाड्यांची नंबरप्लेट 'एच'ने सुरू होते, खासगीची 'पी'ने. 'पी'वाले सर्रास भाडं मारतात, त्यांत बसू नका. मॅक्सी म्हणजे पट्टेवाल्या मिनीबस. पिवळा पट्टा शहर आणि पश्चिमेचा, लाल पूर्वेचा, हिरवा मध्य-दक्षिणेचा. स्वस्त आहेत, गाणी दणदणीत. पियार्को विमानतळ शहराच्या पूर्वेला पंचवीसेक किलोमीटर, आणि सकाळी शहराकडे येणारा हायवे तुंबतो.

आणि कॅमोफ्लाज म्हणजे लष्करी छापाचे कपडे घालणं कायद्याने बंद आहे. मुलांचेही. लेकीची पँट, टोपी, सॅक तपासून घ्या.

सुलेखा_काकू

निशिगंधा, यलो फीव्हरची लस बघितलीस का? हे कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

भारत सरकारच्या यलो फीव्हरच्या यादीत त्रिनिदाद आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरणाऱ्याकडे लसीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावर विलगीकरणात ठेवतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. बाबा त्रिनिदादहून जर्सीला येऊन नंतर महिन्याभराने सांगलीला जाणार असतील तर प्रश्नच नाही. पण लगेच जाणार असतील तर आधी डॉक्टरांशी बोल. साठीच्या पुढच्यांना ही लस सरसकट देत नाहीत, दुष्परिणामांचा धोका जास्त असतो. आमच्या ह्यांच्या वेळी डॉक्टरांनी नको म्हटलं आणि आम्ही परतीचं तिकीटच पुढे ढकललं.

आणि बाबांचा अमेरिकेचा व्हिसा मल्टिपल एंट्री आहे ना, शिक्क्यावर नीट बघ. त्रिनिदादचे व्हिसाचे नियमही त्यांच्या वकिलातीच्या साइटवर वाचून घे, ते बदलत असतात.

निशिगंधा_जर्सी

काकू, साष्टांग नमस्कार. बाबांचं परतीचं तिकीट खरंच पाचव्या दिवशीचं होतं. आजच बदलते.

आता लेकीच्या समुद्राचं सांगा कोणीतरी, कालपासून फुगून बसलीये.

खादाडभाऊ

मारकास बे. शहरातून डोंगर ओलांडून पाऊण तास. रस्ता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेला, वळणावळणाचा, पोट सांभाळा. पाणी छान पण लाटांना ओढ आहे, बावट्यांच्या मधेच पोहायचं. तिथला बेक अँड शार्क प्रसिद्ध, तळलेल्या पावात तळलेला मासा. बाबांना नुसता बेक आणि चटण्या.

रानफूल

आणि एक दुपार कॅरोनीच्या खारफुटीला दे. शहराच्या दक्षिणेला, अर्धा तासही लागत नाही. चारच्या सुमाराला होड्या निघतात. झाडांवर गुंडाळून बसलेले साप दिसतात, मग होडी खुल्या पाण्यात येऊन थांबते आणि समोरच्या बेटावर लाल शराटी रात्रीच्या मुक्कामाला उतरायला लागतात. आधी दोन-चार, मग थव्यांनी. लहानपणी करड्या असतात, खेकडे-कोळंबी खाऊन खाऊन लाल होतात. पांढरे-फिके कपडे घालू नका, होडीची बाकं ओली असतात. दुर्बीण न्या, होडी बेटाच्या फार जवळ नेत नाहीत.

दुसरा एक दिवस दक्षिणेकडे. वॉटरलूला समुद्रातलं देऊळ. शिवदास साधू नावाच्या मजुराने आधी किनाऱ्यावर देऊळ बांधलं, ती जमीन साखर कंपनीची, त्यांनी ते पाडलं आणि त्याला तुरुंगात घातलं. सुटून आल्यावर हा म्हणाला, समुद्र तर कंपनीचा नाही ना. सायकलवरून दगड-सिमेंट वाहून वाहून पाण्यात भर घातली, वर्षानुवर्षं एकट्याने. आत्ताचं बांधकाम १९९५ चं. तिथून जवळच कॅरापिचाइमाला दत्तात्रेय योग केंद्र, ८५ फुटी मारुती बाहेर उभा. दत्तसंप्रदाय मैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींमुळे तिथे पोचला. बाबा नरसोबाच्या वाडीला जाणारे असतील तर त्यांना हे आधी सांगू नकोस.

आणि सवाना राहिलीच की! शहराच्या मधोमध २६० एकरांचं मोकळं मैदान, भोवती साडेतीनेक किलोमीटरचा एकदिशा रस्ता. संध्याकाळी अख्खं गाव चालायला येतं. पश्चिमेच्या बाजूला ओळीने सात जुन्या इमारती, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या. त्यातली एक क्वीन्स रॉयल कॉलेज, घड्याळाच्या मनोऱ्याची. पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स आणि नायपॉल दोघं तिथले विद्यार्थी. नारळवाला कोयत्याने शहाळं उघडून देतो, पाणी प्यायलं की परत द्यायचं, तो फोडून मलई काढायला सालीचाच चमचा करून देतो. अंधार पडला की खाण्याचे स्टॉल लागतात. बाबांना रोज इथेच बसवून ठेवलंस तरी चालेल, बोलायला माणसं आपोआप मिळतील. ज्याला तिथे 'लाइम' म्हणतात, काही काम नसताना जमून गप्पा ठोकणं, त्यात त्रिनिदादी माणूस आणि सांगलीकर यांत डावं-उजवं करता येणार नाही.

शंकासुर

साताऱ्याचा निषेध.

निशिगंधा_जर्सी

ठरलं! पॅनोरामाची उपांत्य फेरी गाठेल असा जानेवारीचा आठवडा बघतेय, कार्निव्हलला अवलींचा पोशाख फोटोत बघू. वुडब्रुकमध्ये एक गेस्ट हाऊस मिळतंय, वर पंखा आणि खाली रोटीचं दुकान.

एकच शंका. पॅनयार्डात रात्री बाबांना बसायला खुर्ची मिळते का, की उभंच राहायचं?

रानफूल

काही ठिकाणी बाक असतात, काही ठिकाणी नाहीत. घडीचं स्टूल ने. कानात घालायला बोळेही, शंभर पॅन बंदिस्त आवारात म्हणजे छाती थरथरते. नऊच्या आधी पोचू नका, तोवर नुसते वेगवेगळे तुकडे घोटत असतात. सलग रचना ऐकायची तर साडेनऊ-दहा. आणि गेस्ट हाऊसवाल्याला विचारून ठेव की फेज टूचं यार्ड तिथून किती लांब आहे. वुडब्रुकमध्येच आहे, खिडकी उघडी असेल तर खोलीत झोपलेल्या नवऱ्यालाही ऐकू येईल.

अवली_टोरांटो

त्याच्यासाठी बोळ्यांची दुसरी जोडी.